सुरतेचा कोट, कॉम्प्युटरच्या पडद्यावर

सुरत आपल्या मराठी घरांत दोन वाटांनी येते. एक वाट चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकातून. तिच्यात १६६४ सालचा जानेवारी महिना आहे, महाराजांची स्वारी आहे, किल्ल्यात दडून बसलेला इनायतखान आहे. दुसरी वाट तापी खोऱ्यातल्या रेल्वेची. तिच्यात मामाचा लूमवरचा पगार आहे, लिंबायत-उधन्याची दहा बाय बाराची खोली आहे आणि दिवाळीला येताना पिशवीतून आणलेली मार्केटमधली साडी आहे. नंदुरबार, नवापूर, साक्री, शिरपूर इकडचे घर असेल तर त्यातले एखादे माणूस तरी या दुसऱ्या वाटेने जाऊन आलेले असतेच. गंमत अशी, की या दोन सुरती आपल्या मनात कधी एकमेकींना भेटत नाहीत. पहिलीत पराक्रम आहे पण रस्ते नाहीत. दुसरीत रस्ते आहेत पण इतिहास नाही. महाराजांचा तंबू नेमका कुठे पडला होता आणि मामाची खोली त्या जागेपासून किती लांब, हा प्रश्न आपण कधी विचारत नाही, कारण त्याचे उत्तर द्यायला नकाशा लागतो.

हा नकाशा आता घरबसल्या काढता येतो. त्यासाठी सर्व्हेअर असावे लागत नाही. एक साधा कॉम्प्युटर, क्यूजीआयएस नावाचे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर, उपग्रहांनी टिपलेली आणि सर्वांसाठी खुली असलेली छायाचित्रे, आणि एखादा जुना आराखडा, एवढे साहित्य पुरते. बाकी लागते ती चिकाटी. हा उद्योग मी फावल्या वेळात करतो, माझ्यासारखे हौशी लोक देशभर करतात, आणि त्यातून सुरतेबद्दल जे दिसते ते आपल्या सीमाभागातल्या वाचकांना सांगावे म्हणून हा लेखप्रपंच.

आधी शहराची ठेवण सांगतो. पश्चिमेला तापीचे वळण, त्या वळणावर खुदावंदखानाने सोळाव्या शतकाच्या मध्यावर बांधलेला किल्ला, आणि किल्ल्याला पाठीशी घेऊन पूर्वेकडे पंख्यासारखे पसरलेले गाव. १६६४ साली या गावाला धड तटबंदी नव्हती; मातीची कच्ची भिंत काय ती होती. महाराजांच्या स्वारीनंतर औरंगजेबाच्या हुकमाने पक्की भिंत बांधायला घेतली गेली. तिला शहरपनाह म्हणत. १६७० च्या ऑक्टोबरात महाराज पुन्हा आले तेव्हा तिचा काही उपयोग झाला नाही, हा भाग वेगळा. पुढे अठराव्या शतकाच्या आरंभी मराठ्यांच्या फौजा गुजरातेत वारंवार उतरू लागल्या. तोवर गाव पहिल्या भिंतीबाहेर वाढले होते. मग फर्रुखसियर बादशहाच्या काळात त्या वाढलेल्या गावाला वेढणारी दुसरी, बाहेरची भिंत उभी राहिली. तिचे नाव आलमपनाह.

या दोन्ही भिंती आज जवळजवळ नाहीशा झाल्या आहेत. पण उपग्रहाच्या छायाचित्रावर त्या अजून वाचता येतात, आणि त्यासाठी पुरातत्त्वज्ञाची नजर लागत नाही. सुरतेचा रिंगरोड पडद्यावर आणा. दिल्ली दरवाजा, सहारा दरवाजा, मान दरवाजा, उधना दरवाजा, मजुरा गेट, अठवा गेट अशी नावे एकापाठोपाठ येतात. कापडाच्या गाठी वाहणारा आपला हमाल रोज ही नावे घेतो. ती सगळी आलमपनाहच्या दरवाजांची नावे आहेत. भिंत गेली, तिच्या जागी रस्ता आला, आणि रस्त्याने भिंतीचा आकार जसाच्या तसा उचलला. उत्तरेकडे लाल दरवाजा आणि कतारगाम दरवाजा ही साखळी नदीपर्यंत पुरी करतात.

आतली भिंत शोधायला थोडे गुजराती कानी असावे लागते, आणि ते आपल्याकडे असतेच. 'भागळ' म्हणजे वेस. 'झांपा' म्हणजेही गावाचे फाटक. 'कोट-सफील' म्हणजे तटाची भिंत. सुरतेतली बुऱ्हाणपुरी भागळ, झांपा बाजार, कोटसफील रोड ही नावे नकाशावर टिंबांनी मांडली आणि टिंबे जोडली, की शहरपनाहची वाट उमटू लागते. तिच्या आतले रस्ते अरुंद, वाकडे, पोळी-शेऱ्यांचे. बाहेरचे थोडे मोकळे. भिंत पाडून शे-सव्वाशे वर्षे झाली तरी घरांच्या ओळी तिला वळसा घालूनच उभ्या आहेत.

आता तंबूकडे वळू. इंग्रजांच्या वखारीतल्या पत्रांवरून आणि त्यांच्या आधारे जदुनाथ सरकारांनी लिहिलेल्या वृत्तांतावरून एवढे पक्के कळते, की ६ जानेवारी १६६४ रोजी महाराज सुरतेपाशी आले आणि बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेर सुमारे पाव मैलावर एका बागेत त्यांचा तंबू पडला. पाव मैल म्हणजे चारशे मीटर. येथे हौशी माणसाचा हात शिवशिवतो. त्याला वाटते, एक लाल टिंब ठोकावे आणि खाली लिहावे, 'येथे महाराज उतरले होते.' ते टिंब मी ठोकत नाही. वखारीतल्या घाबरलेल्या माणसाने अंदाजाने सांगितलेला पाव मैल म्हणजे मोजपट्टीचा पाव मैल नसतो. म्हणून दरवाजाच्या जागेपासून तीनशे ते सहाशे मीटर असा एक पट्टा पूर्वेकडे रंगवायचा. क्यूजीआयएसमध्ये हे दोन मिनिटांचे काम. हा पट्टा भागळेवरून रेल्वे स्टेशनाकडे जाणाऱ्या राजमार्गाच्या आसपास पडतो, बाहेरच्या भिंतीच्या बऱ्याच आत. म्हणजे ज्या मोकळ्या बागेत मराठ्यांनी तळ दिला ती जागा पुढे मराठ्यांच्याच भीतीने बांधलेल्या भिंतीने शहराच्या पोटात घेतली. स्टेशनातून उतरून भागळेकडे चालत जाणारा आपला प्रत्येक माणूस त्या पट्ट्यातून जातो.

नकाशा आणखी एक गोष्ट सांगतो, जी नुसत्या वाचनाने ध्यानात येत नाही. महाराज दक्षिणेकडून, गणदेवीच्या बाजूने आले. त्या दिशेला जवळचा रस्ता नवसारीचा. तरी तळ पडला तो पूर्वेला, बुऱ्हाणपूरच्या वाटेवर. पडद्यावर किल्ल्यापासून अंतर मोजले की कारण सुचते: किल्ल्याच्या तोफांपासून सर्वांत दूरची बाजू तीच. तोफा डागल्याही गेल्या, आणि त्यांनी शत्रूपेक्षा गावाचेच नुकसान अधिक केले. शिवाय बुऱ्हाणपूरची वाट हाती असणे म्हणजे खानदेशाकडून येणाऱ्या मोगली मदतीची वाट हाती असणे. हा माझा तर्क आहे. पण नकाशा समोर असला की तर्कालाही पाय फुटतात.

जुना आराखडा आजच्या छायाचित्रावर कसा बसवतात, ते थोडे सांगायला हवे. दोन्हीत सापडणाऱ्या, शतकानुशतके न हललेल्या जागा निवडायच्या आणि कॉम्प्युटरला सांगायचे, की ही जागा म्हणजे ती. अशा आठ-दहा जोड्या दिल्या की तो जुना कागद रबरासारखा ताणून नव्यावर बसवतो, आणि प्रत्येक जोडीत किती मीटरची तफावत उरली तेही सांगतो. सुरतेत अशा अचल जागा कोणत्या? किल्ल्याचे बुरूज, मर्जान शामीचा रोजा, आणि कतारगाम दरवाजाजवळची इंग्रजांची दफनभूमी. या दफनभूमीत सर जॉर्ज ऑक्झेंडनची भव्य कबर आहे. १६६४ साली इंग्रजांची वखार लढवणारा तो हाच. १६६९ मध्ये तो सुरतेतच वारला. महाराजांच्या तळाची जागा ठरवताना त्यांच्याशी झुंजलेल्या इंग्रजाच्या कबरीचा खुंटीसारखा उपयोग व्हावा, हा इतिहासाचा विनोदच म्हणायचा.

जुन्या देशी नकाशांना मात्र ही युक्ती लागू पडत नाही. जयपूरच्या राजवाड्यातल्या संग्रहालयात सुरतेचा एक मोठा रंगीत नकाशा आहे, १७३० च्या सुमाराचा. सुसान गोल यांच्या भारतीय नकाशांवरील १९८९ च्या ग्रंथामुळे तो अभ्यासकांना परिचित झाला. आपल्या जुन्या चित्रकारांच्या लेखी नकाशा म्हणजे आकाशातून पाहिलेली जमीन नव्हती. त्यांच्या नकाशात इमारती जमिनीवर आडव्या पाडल्यासारख्या समोरून रंगवलेल्या असतात आणि महत्त्वाची जागा मोठी दिसते. असा नकाशा उपग्रहाच्या चित्रावर ताणायला जाऊ नये, फाटतो. तो शेजारी ठेवून वाचायचा असतो.

आपल्या भीतीने दुसऱ्या एका मोठ्या शहरालाही आकार दिला. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या तेव्हा कलकत्त्याच्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. मराठा डिच या नावाने तो प्रसिद्ध आहे. १७९९ मध्ये त्याचा बराच भाग बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. पश्चिमेला सुरत, पूर्वेला कलकत्ता, आणि दोन्हीकडे शहराला वळसा घालणारा रस्ता मराठी घोड्यांच्या टापांच्या धास्तीवर उभा. याचा अभिमान बाळगावा की आणखी काही, हे ज्याने त्याने ठरवावे. बंगालच्या अंगाईगीतांत 'बर्गी' कोणत्या अर्थाने येतात ते तिथल्या माणसाला विचारून पाहावे, एवढेच म्हणतो.

हे सगळे पूर्वी का झाले नाही? कारण नकाशा ही सामान्य माणसाची वस्तूच नव्हती. भारतीय सर्वेक्षण खात्याचा जन्म १७६७ चा. कंपनी सरकारला महसूल आणि फौजा यांसाठी नकाशे हवे होते. १८०२ मध्ये लॅम्टनने मद्रासेजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला आरंभ केला, आणि त्या कामाची कीर्ती जगभर झाली. पण इंग्रज गेला तरी नकाशे कपाटातच राहिले. १९६० च्या दशकातल्या नियमांनी सरहद्द आणि समुद्रकिनारा यांपासून सुमारे ८० किलोमीटरच्या पट्ट्यातले मोठ्या प्रमाणाचे नकाशे प्रतिबंधित झाले. सुरत समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. मुंबई, ठाणे, सगळे कोकण, गोवा हेही त्याच पट्ट्यात. म्हणजे ज्या गावात आपण जन्मलो त्या गावाचा सरकारी नकाशा पाहायला परवानगी लागे. तोच मुलूख परदेशी उपग्रह दिवसाढवळ्या टिपत होते, हे कोणाला सांगायचे!

दार किलकिले झाले ते बाहेरून. २२ फेब्रुवारी १९९५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांनी एक हुकूम काढून १९६० ते १९७२ या काळातल्या हेरगिरी उपग्रहांची आठ लाखांहून अधिक छायाचित्रे खुली केली. 'कोरोना' हे त्या मोहिमेचे नाव. पुढे आलेल्या रोगाशी त्याचा संबंध नाही. हे उपग्रह फिल्म वापरत, आणि भरलेली फिल्म डब्यात घालून पॅराशूटने खाली सोडत. विमान तो डबा हवेतच झेलत असे. शेवटच्या काळातल्या कॅमेऱ्यांना दोन मीटरची वस्तू ओळखता येई. मे २००० मध्ये जीपीएसच्या लहरींत मुद्दाम मिसळलेली चूक अमेरिकेने काढून टाकली. २००८ मध्ये लँडसॅटचा सगळा साठा फुकट झाला. त्यात १९७२ पासूनची चित्रे आहेत. २००९ मध्ये आपल्या इस्रोने 'भुवन' सुरू केले. २०१५ पासून युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांची दहा मीटर बारकाव्याची चित्रे दर काही दिवसांनी, कोणालाही, विनामूल्य मिळतात.

हत्यारेही याच काळात आली. ग्रास नावाची प्रणाली अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी १९८० च्या दशकात बनवली आणि पुढे ती लोकांची झाली. २००२ मध्ये अलास्कात गॅरी शेर्मन याने क्यूजीआयएस लिहायला घेतले. २००४ मध्ये इंग्लंडात स्टीव्ह कोस्टने ओपनस्ट्रीटमॅप सुरू केला, तोही तिथला सरकारी नकाशा वापरायला महाग पडतो या चिडीतून. गावजत्रेसारखा हा कारभार आहे: ज्याला जी गल्ली ठाऊक, त्याने ती काढावी, चुकली तर दुसऱ्याने सुधारावी.

आपल्याकडे सरकारी मन वळायला वेळ लागला. २०१६ मध्ये तर परवान्याशिवाय नकाशे करणाऱ्यांना शंभर कोटींपर्यंत दंड सुचवणारा एक मसुदा निघाला होता. ओरड झाल्यावर तो मागे पडला. २०१७ मध्ये सर्वेक्षण खात्याने आपले खुल्या मालिकेतले नकाशे उतरवून घ्यायला दिले, आणि १५ फेब्रुवारी २०२१ रोजी नव्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय माणसाला आपल्या देशाचा नकाशा काढायला बहुतांश मोकळीक मिळाली. चौपन्न-पंचावन्न वर्षांची कोंडी एका परिपत्रकाने सुटली. वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांत ती बातमी येऊन गेली.

आता मामाच्या खोलीकडे. लँडसॅटची १९७० च्या दशकातली चित्रे भरड आहेत, एक टिंब म्हणजे साठ-ऐंशी मीटर. त्यांत लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या बाजूला प्रामुख्याने शेते दिसतात. दर पाच वर्षांचे एक चित्र घेऊन ती पत्त्यांसारखी सरकवली, की रिंगरोडच्या बाहेर, रेल्वेच्या पलीकडे, करडा डाग पूर्वेला आणि दक्षिणेला पसरत जातो. १९६१ मध्ये पावणेतीन लाखांच्या वर असलेली सुरत २०११ मध्ये ४४ लाख ६७ हजारांवर गेली. त्या डागात ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहार आहेच. पण पूर्वेकडच्या बाजूला खानदेश ठासून भरला आहे. ज्या भिंतीने मराठ्यांना बाहेर ठेवायचे होते तिच्या बाहेरच, तिला लागून, मराठी माणसाने घर केले. या वेळी तो घोड्यावरून आला नाही, पॅसेंजरने आला, आणि येताना जेवणाचा डबा घेऊन आला.

त्याची वाटही नवी नाही. बुऱ्हाणपुरी भागळेतून निघालेली वाट पडद्यावर पूर्वेकडे ओढत न्या. १६१० मध्ये विल्यम फिंच, १६१५ मध्ये टॉमस रो आणि पुढे फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निये याच वाटेने गेले. तावेर्नियेच्या थांब्यांत बारडोली आहे, नवापूर आहे, नंदुरबार आहे. नवापूर हे विणकरांनी भरलेले गाव आहे, पण तिथला मोठा व्यापार तांदळाचा, आणि त्या तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो, असे त्याने नोंदवले आहे. आमच्या नवापूरच्या मंडळींनी हे वाचून छाती फुगवायला हरकत नाही. या प्रवाशांची गावे नकाशावर मांडली, की त्यांची रेषा आणि विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर घातलेली तापी खोऱ्यातली रेल्वे बऱ्याच अंतरापर्यंत एकमेकींचा हात सोडत नाहीत.

आणि मग येते नवापूरचे स्टेशन. १ मे १९६० रोजी द्विभाषिक मुंबई राज्याची दोन राज्ये झाली आणि सीमारेषा या फलाटावरून गेली. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तरची खोली गुजरातेत; एका बाकाचा अर्धा भाग इकडे, अर्धा तिकडे. बातम्यांत हे कौतुकाने छापतात. पण त्याच वाटणीत पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, तळोदे, अक्कलकुवे या तालुक्यांतली कितीतरी गावे गुजरातेत गेली, याचे कौतुक कोणी करत नाही. उच्छल-निझरकडच्या घरांना विचारावे. आणि त्यांतल्या काही गावांच्या नशिबी पुढे पाणी होते. १९७२ मध्ये उकाई धरण पुरे झाले आणि तापीकाठची सुमारे १७० गावे पूर्णतः वा अंशतः बुडाली. सुरतेचे पुरापासून रक्षण हा या धरणाचा एक हेतू. तरी ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने सुरतेचा मोठा भाग बुडालाच.

हौशी नकाशाचे खरे काम मला इथे दिसते. अमेरिकी लष्कराने १९५० च्या दशकात भारताचे अडीच लाखांस एक या प्रमाणाचे नकाशे छापले होते. टेक्सास विद्यापीठाने ते स्कॅन करून सर्वांना खुले केले आहेत. त्यांत तापी अजून नदी आहे, जलाशय नाही, आणि काठावर गावे आहेत. तो कागद क्यूजीआयएसमध्ये बसवताना एक काळजी घ्यावी लागते: जुने भारतीय नकाशे एव्हरेस्टच्या नावाच्या पृथ्वीमानावर बेतलेले, आजचे उपग्रह दुसऱ्या मानावर; ते न सांगता बसवले तर सगळी गावे बाजूला सरकतात. ते साधले की वर सेंटिनेलचे मे महिन्यातले चित्र ठेवायचे, पाणी ओसरलेले असतानाचे. कोरोनाच्या ज्या फिती आधीच स्कॅन झाल्या आहेत त्या फुकट मिळतात. आपल्या भागावरची एखादी ढगांवाचून सापडली तर घरांचे पुंजकेही दिसू शकतील. मात्र त्या कॅमेऱ्याचे चित्र कडांना ताणलेले असते, मधला भागच भरवशाचा.

लष्करी नकाशावर गावांची नावे इंग्रजी अक्षरांत आहेत, आणि तीही साहेबी कानाने ऐकलेली. ती वाचून मूळ नाव सांगू शकतील अशी माणसे आता सत्तरीच्या पुढची आहेत. कोणी भिलीत सांगेल, कोणी मावचीत, कोणी अहिराणीत, कोणी गुजरातीत. ओपनस्ट्रीटमॅपवर एका जागेला अनेक भाषांतली नावे देण्याची सोय आहे. मराठीचा रकाना वेगळा, गुजरातीचा वेगळा, दोन्ही भरता येतात आणि कोणाला कोणाचे पुसावे लागत नाही. जे गाव आता नाही ते चालू नकाशात न घालता वेगळ्या ऐतिहासिक थरात ठेवायचे, हा तिथला शिरस्ता. आजोबांना खुर्चीत बसवावे, पडद्यावर तापीचे जुने वळण आणावे आणि बोट ठेवायला सांगावे. ते आधी गाव दाखवत नाहीत. आधी नदीचा उतार दाखवतात, मग आंब्याचे झाड, मग म्हणतात, इथून वर चढले की आपली वेस.